अनियमित धक्के

रोह्यातल्या आमच्या सोसायटीत यंदा जानेवारी-फेब्रुवारीत दुपारी चारनंतर जो घुमणारा आवाज यायचा, तो धाटावच्या कुठल्याही कारखान्याचा नव्हता. तो माझ्या बैठकीच्या खोलीतून येत होता. हे मी आता एका दमात लिहिलं. पण तोंडाने सांगायला मला सत्तावीस दिवस लागले, आणि तेवढ्यात एका निर्दोष माणसाने एक निर्दोष ब्लोअर तीनदा उघडून परत जोडला. बाकीच्या हकिकतीला ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. ब्लोअरच्या बाबतीत मला अजून हसू येत नाही.

मी धाटावच्या एका रसायनांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळते. पंचवीस वर्षं झाली. लोकांनी "असेल बहुतेक" म्हणून आणलेल्या बाटल्यांवर "आहे" किंवा "नाही" लिहिणं हे माझं काम. पाळी सातला लागते, तीनला सुटते, पावणेचारला मी घरी. नवरा, सुशील, पेणच्या एका शिक्षणसंस्थेत हेडक्लार्क आहे. सकाळच्या गाडीने जातो, संध्याकाळी सातला परततो. म्हणजे मधले सव्वातीन तास घरात मी एकटी. हा तपशील उगीच देत नाही. गुन्ह्याला संधी लागते.

सुरुवात रक्तदाबाने झाली. डॉक्टर म्हणाले, "गोळी चालू ठेवा, आणि दुपारी अर्धा तास काहीतरी शांत ऐकत जा." मी मोबाइलवर "शांत संगीत" असं टाइप केलं. बासरी आली, आणि बासरीमागे धबधबा. आता धबधब्याने कोणाला शांत वाटत असेल तर असो. मला गच्चीवरची टाकी भरून वाहतेय असं वाटलं आणि मी दोनदा मोटर बंद करायला उठले. तिसऱ्या दिवशी बासरी ऐकता ऐकता डोळा लागला, आणि फोन आपल्या मनाने पुढे पुढे जात राहिला. जाग आली तेव्हा कानात एक आवाज होता. नुसता एक स्वर. पण स्थिर नाही. द्रावण ढवळताना त्याचा रंग काठाकडे थोडा फिका दिसतो, तसा तो कडेने बदलत होता. शब्द नाहीत, गाणारं कोणी नाही, सुरुवात कुठे झाली ते माहीत नाही. आठ-नऊ मिनिटं तो तसाच होता, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या आत एक ठोका चालू आहे.

टायट्रेशन केलेल्यांना हे लगेच कळेल. थेंबामागून थेंब पडत असतो, फ्लास्कमध्ये गुलाबी छटा येते आणि जाते, येते आणि जाते. मग एक थेंब असा पडतो की ती जात नाही. तो थेंब कुठला, हे पडल्यावरच कळतं. ठोका तसा आला होता.

या प्रकाराला ॲम्बियंट म्हणतात, ठोका वाढला की त्याचं नाचाचं संगीत होतं, आणि जगातली बरीच मंडळी घरच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून हे बनवतात, असं मी रीतसर वाचून काढलं. मग वही घातली. तारीख, वेळ, कलाकार, मिनिटाला ठोके, आधीचा रक्तदाब, नंतरचा रक्तदाब, शेरा. शेऱ्यात पहिल्या आठवड्यात "बरं", दुसऱ्यात "फार बरं". तिसऱ्या आठवड्यात फिनलंडच्या एका बाईंच्या सतरा मिनिटांच्या तुकड्यापुढे मी "अंगातून वाफ गेल्यासारखं" असं लिहिलं आणि स्वतःच दचकले. हाताखालच्या मुलांच्या अहवालातली विशेषणं मी आयुष्यभर लाल शाईने खोडत आले आहे. तेही खोडलं. पण वाचता येईल इतपतच.

नवं संगीत शुक्रवारी बाहेर पडतं, हे कळल्यावर तर माझा आठवडाच बदलला. मी गुरुवारी रात्रीच्या भाजीची तयारी करून ठेवू लागले.

आता लाजेचा पहिला हप्ता. एका शुक्रवारी मी आमटीला फोडणी देत होते, कानात तारा होत्या, ठोके मिनिटाला एकशे बारा. आधी टाच हलली. मग गुडघा. मग मी गॅस बारीक केला, बैठकीच्या खोलीत आले, पडदे ओढले आणि नाचले. वय एक्कावन्न. माझ्या लग्नातही मी नाचले नव्हते, हळदीत तर मला पाटावरून उठवावं लागलं होतं. पाच मिनिटं मी अशी नाचले की शोकेसच्या कडीत तार अडकली आणि फोन उडून थेट टीपॉयवरच्या पाण्याच्या तांब्यात गेला.

फोन वाचला. पण तारेवर नाचता येत नाही, हे सिद्ध झालं. छोटासा स्पीकर घ्यावा असं मी ठरवलं. एवढाच माझा प्रकल्प.

रोह्यात घ्यायचा तर दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे "लॅबच्या मॅडम" म्हणून ओळखतात. म्हणून शनिवारी रजा टाकून मी एसटीने पेणला गेले. सुशीलच्या ऑफिसवरून तोंड फिरवून चालले. पंचवीस वर्षांच्या संसारात मी पेणला जाऊन नवऱ्याला न भेटता परत यायची ही पहिलीच वेळ.

दुकान निकेशचं. चाळिशीचा, गळ्यात चेन, आसपासच्या गावांतल्या हळदी आणि मिरवणुका त्याच्याच आवाजावर चालतात, असं भिंतीवरच्या फोटोंवरून दिसलं.

"ताई, हलद कवा हाय?"

"हळद नाही."

"साखरपुडा?"

"नाही हो. घरी ऐकायला हवंय."

"घरा? मानसा किती?"

"एक."

त्याने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग म्हणाला, "गाना कंचा, ते तरी लावा."

मी फोन दिला. त्याने तो दुकानातल्या भिंतीएवढ्या स्पीकरांना जोडला. चार मिनिटं गेली. समोरचा केळीवाला येऊन उभा राहिला.

"ताई, गाना कवा चालू होयाचा?"

"चालूच आहे."

केळीवाला हसला. निकेश हसला नाही. त्याने डोळे मिटले, तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "हां. खाली हाय. खालना चाललाय कायतरी." मी बोट दाखवलेला छोटा स्पीकर त्याने उचलून फळीवर मागे ठेवून दिला. "ह्यो डबा तुमाला नुसती वाफ दाखवील, भात नाय. बेस कानान ऐकाचा नसतो ताई, पोटान ऐकाचा असतो."

ज्या माणसाला आपला विषय आपल्यापेक्षा जास्त कळतो, त्याच्यापुढे मी वितळते. हा माझा स्वभावदोष. संध्याकाळी मी घरी आले ती एका कमरेएवढ्या उंच बेस-बॉक्सची मालकीण होऊन. हॉलमधल्या लग्नांत शोभावा म्हणून निकेशने त्याला लाकडी रंगाचा सनमायका मारलेला होता.

सोमवारी दुपारी त्याचा टेम्पो आला. दोघे जण बॉक्स जिन्याने चढवत होते आणि दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या खालच्या घराच्या दारात, रंभावहिनी वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय गो वैशाली, काय आणलंस येवढं?"

मी सत्य आणि असत्य यांपैकी एकाची निवड केली असं म्हणता येणार नाही. सनमायकाकडे पाहिलं आणि तोंडून गेलं, "घरघंटी."

दुसऱ्या दिवशी रंभावहिनी धुऊन वाळवलेले तांदूळ घेऊन हजर. "भाकरीचं पीठ काढून दे गो. गिरणीत तिखटावर दळतो मेला."

"मोटर जळलीय, वहिनी."

"नव्याची?"

त्यांचे यजमान दत्तात्रेयभाऊ मागेच होते. धाटावला तीस वर्षं ऑपरेटर होते, तेही आमच्याच कंपनीत. निवृत्त होऊन दोन वर्षं झालीत आणि यंत्र म्हटलं की अजून त्यांच्या बोटांना खाज सुटते. "उघडून बघू का? पाच मिनिटांचं काम हाय."

"गॅरंटी जाईल," मी म्हणाले.

अशा रीतीने घरघंटी बंद आहे हे मी साऱ्या इमारतीला पटवून दिलं. सुशीललाही. त्याने बिचाऱ्याने तिला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि म्हणाला, "होईल दुरुस्त." मी त्यावर क्रोशाचं कापड घातलं. नारळ मात्र रोज वाजवण्याआधी खाली ठेवावा लागे. नाहीतर तो चालायला लागायचा.

नारळ चालतो यावरून मला काही कळायला हवं होतं. पण मी शास्त्र शिकलेली बाई. मी नारळावर विश्वास ठेवत नाही, यंत्रावर ठेवते. लॅबमधला ध्वनिमापक मी "पडताळणीसाठी" अशी नोंद करून घरी आणला आणि आवाज मोजला. सत्तेचाळीस डेसिबल. वस्तीत दिवसा पंचावन्न चालतो. मी आठ डेसिबलने सज्जन ठरले आणि निर्धास्त नाचले.

दोनच दिवसांत रंभावहिनींच्या घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण आपोआप वाजायला लागलं.

"कसलं गो घुमतंय दुपारचं? छातीत धरल्यासारखं होतं."

"ब्लोअर हाय," दत्तात्रेयभाऊ म्हणाले. जिन्यात सोसायटीची सहा-सात माणसं जमली होती, त्यांत मीही. "तीस वर्षं ऐकलाय. आपल्याच कंपनीचा, सांडपाण्याच्या प्लांटवर हवा सोडतो तो. बेअरिंग गेलंय त्याचं. डाव्या अंगाचं."

"इतक्या लांबून डावं-उजवं कळतं?" कोणीतरी विचारलं.

"तुला तुझ्या बायकोचा खोकला कळतो ना?"

मलाही खरोखर तो ब्लोअरच वाटला. माझं संगीत सत्तेचाळीस डेसिबलचं होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी सुशील. अर्ज हा त्याचा आवडता साहित्यप्रकार. स्वतः एकदाही न ऐकलेल्या आवाजाचं त्याने दीड पानात असं वर्णन केलं की वाचताना माझ्या अंगावर काटा आला. "गर्भवती महिला व ज्येष्ठ नागरिक यांच्या काळजाचे ठोके चुकवणारा" हे शब्द त्याने मला दोनदा वाचून दाखवले. सोसायटीत गर्भवती महिला एकही नव्हती. "अर्जात लागतात," तो म्हणाला.

नगरपालिकेने कळवलं की आवाज हद्दीबाहेरून येतो. हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीने कळवलं की तो ऐकू हद्दीच्या आत येतो. मग अर्ज तालुक्याच्या कार्यालयात गेला. तिथला छापील फॉर्म सांडपाण्यासाठी केलेला होता. त्यात "नमुन्याचे प्रमाण (लिटर)" असा रकाना होता. सुशीलने "लागू नाही" लिहिलं. फॉर्म परत आला: रकाना अपूर्ण. त्याने "शून्य" लिहिलं. फॉर्म परत आला: नमुना शून्य असल्यास तक्रार कशाची? तिसऱ्या खेपेला त्याने चिडून "अमर्याद" लिहिलं. तो फॉर्म स्वीकारला गेला आणि थेट आमच्या प्लांट हेडसाहेबांच्या टेबलावर पोचला.

साहेबांनी मला बोलावलं. "वैशालीमॅडम, चौकशी समिती नेमायची आहे. तुम्ही त्याच वस्तीत राहता, आणि तुमच्याइतकं काटेकोर आपल्याकडे कोणी नाही. तुम्ही प्रमुख."

मी हो म्हणाले. ध्वनिमापक घरीच होता; तो आधी गुपचूप परत आणला आणि मग रीतसर सही करून पुन्हा बाहेर काढला.

बुधवारी दुपारी चार ते पाच मी समितीसह आमच्याच गच्चीवर उभी होते. मी गच्चीवर असल्यामुळे घरात काही वाजत नव्हतं, आणि घरात काही वाजत नसल्यामुळे आवाज नव्हता. अहवालात मी "आढळला नाही" लिहिलं. गुरुवारी घरी आले, पडदे ओढले. आवाज परत सुरू.

"कळतं त्यांना!" रंभावहिनी जिन्यात म्हणाल्या. "वैशाली मोजायला यायची म्हटलं की ब्लोअर बंद करतात मेले. तिला बिचारीला काय ठाऊक."

बिचारीला अजून खरंच काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की ब्लोअर सखारामचा आहे.

सखाराम कोलाडकडच्या एका गावचा. कंत्राटी फिटर, पण अठरा वर्षं तोच ब्लोअर त्याच्या हाताखाली. मार्चअखेर त्याचं कंत्राट नवं व्हायचं होतं. साहेबांनी त्याला ब्लोअर उघडायला लावला. बेअरिंग ठीक निघालं. चार दिवसांनी पुन्हा उघडायला लावला. तो तेलकट हातांनी लॅबच्या दारात आला.

"म्याडम, तुमी समितीवर हाव. बेरिंग नवाकोरा हाय. मी लबाड बोलत नाय. सायेब बोलतात, शुक्रवारपर्यंत आवाज बंद नाय झाला तं दुसरा मानूस बघू."

"मी बघते, सखाराम," मी म्हणाले. आणि बघायला बसले.

दत्तात्रेयभाऊंनी पुरावा म्हणून आपली वही समितीकडे दिली होती. माणूस जुना ऑपरेटर. आवाजाची लॉगशीटच ठेवली होती त्यांनी. मी त्या वेळा ब्लोअरच्या भाराशी ताडून पाहिल्या. काही जुळेना. ब्लोअर चोवीस तास चालतो, आवाज तासभर. मग वाटलं, वेळ कशाशी तरी जुळतच असेल. भाऊंच्या वहीत लिहिलं होतं: "शुक्रवार. ४.१७ ते ५.०५. मध्ये ४.३१ ला दोन मिनिटं थांबला, बेअरिंग अडकलं असावं."

ही वेळ मी कुठेतरी वाचली होती. पर्समधून माझी वही काढली. शुक्रवार. ४.१७ ते ५.०५. शेरा: "४.३१ ला दारात कुरिअर. रसभंग."

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. एकोणीस नोंदी. एकोणीसही जुळल्या. फिनलंडच्या बाईंपुढे मी ज्या दिवशी पुन्हा एकदा "वाफ" लिहून खोडली होती, त्याच दिवशी भाऊंनी लिहिलं होतं, "आज आवाज स्वच्छ. ऐकत राहावंसा." या जिल्ह्यात माझी आवड कळणारा एकच माणूस होता आणि तो मला बेअरिंग समजत होता.

ध्वनिमापक काढून मी त्याच्या कडेचं बटण पाहिलं. त्यात दोन पट्ट्या असतात. ए पट्टी माणसाच्या कानासारखी ऐकते, म्हणजे अगदी खोल आवाज जवळजवळ सोडून देते. सी पट्टी तो मोजते. हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवते. घरी जाऊन सी पट्टीवर मोजलं. ब्याऐंशी. शिवाय खोल आवाज स्लॅबमधून उतरतो आणि कुठून आला ते कळू देत नाही. हेही मीच शिकवते.

त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर वाजवणं बंद केलं. म्हटलं, आवाज थांबला की प्रकरण थांबेल, सखारामही सुटेल, आणि पडद्याआडची गोष्ट पडद्याआड राहील. भित्र्या माणसाला स्वतःचा भित्रेपणा नेहमी परोपकारासारखा दिसतो.

दुसरा दिवस शुक्रवार होता. आणि त्याच शुक्रवारी सखारामने ब्लोअर तिसऱ्यांदा उघडला होता. दोन ते सहा बंद होता. इकडे सोसायटीत संपूर्ण शांतता.

"ब्लोअर बंद, आवाज बंद," साहेब शनिवारी म्हणाले. "सिद्ध झालं. म्हणजे तो पहिल्यापासून खोटं बोलत होता. उद्या तुमच्या सोसायटीत जाऊ, तो रहिवाशांची माफी मागेल, आणि मार्चनंतर दुसरा माणूस."

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा प्रयोगाचा पहिला नियम. त्या शुक्रवारी दोन बदलल्या होत्या, आणि दुसरी फक्त मला माहीत होती.

रविवारी सकाळी अकराला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. साहेब, तालुक्याचे तपासणी अधिकारी, सेक्रेटरी म्हणून सुशील, आणि सगळी सोसायटी. सखाराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हात जोडून उभा राहिला.

"मी माफी मागतो," तो म्हणाला. थांबला. "पन बेरिंग चांगला हाय."

"सखाराम!" साहेब ओरडले.

मी उभी राहिले. "आवाजाचा स्रोत ब्लोअर नाही," मी म्हणाले. "स्रोत तिसऱ्या मजल्यावर आहे."

"तिसऱ्या मजल्यावर कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी."

कोणी विश्वासच ठेवला नाही. खरं सांगण्याची इतकी तयारी केल्यावर ही शक्यता मी धरलीच नव्हती.

"कंपनीने पढवून पाठवलीय गो तुला," रंभावहिनी कळवळून म्हणाल्या.

सुशील वाकून हळूच म्हणाला, "गोळी घेतलीस का सकाळची?"

शेवटी सगळेच जिना चढून वर आले. मी क्रोशाचं कापड काढलं. कुंकवाचे ओघळ होते, नारळ होता.

"ही तर घरघंटी," सुशील म्हणाला.

"ह्याच्यात तांदूळ कुठून घालतात?" रंभावहिनींनी वाकून पाहिलं.

"घालत नाहीत," मी म्हणाले, आणि फिनलंडच्या बाईंना सुरू केलं.

दत्तात्रेयभाऊ मात्र मी परत केलेली वही घेऊन खाली स्वतःच्या घरात उभे होते. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "हाय! हाच! झाकन वाजतंय!" अधिकाऱ्यांनी सी पट्टीवर आकडा घेतला. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चुकलेल्या नमुन्याकडे पाहते. पाच मिनिटांनी अधिकारी सुशीलच्या कानात म्हणाले, "गाणं कधी सुरू होतं यात?" आणि सुशील, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा ते ऐकलं होतं, म्हणाला, "काही कल्पना नाही."

मला वाटलं, संपलं. मी बॉक्स बंद केला. तेवढ्यात भाऊ वर आले.

"घूं जुळला. पन धक्के कुठायत?"

"कसले धक्के?" अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं.

भाऊंनी वही उघडली. "हे बघा. 'आवाजाबरोबर अनियमित धक्के.' रोजची नोंद हाय. बेअरिंगच्या गोळ्या सुटल्या की असे येतात. यात ते नव्हते."

"मग स्रोत पूर्ण सिद्ध होत नाही," अधिकारी म्हणाले. "धक्के ब्लोअरचेही असू शकतात."

साहेब सखारामकडे वळले. सखाराम दाराशी चपलांपाशी उभा होता. तो कोणाकडेच बघत नव्हता.

"ते धक्केही मीच," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी नाचते."

मग भाऊ सावकाश म्हणाले, "पन वैशाली, ते अनियमित होते."

आज इतक्या महिन्यांनंतरही मला सगळ्यात जास्त काय झोंबत असेल तर ते हे वाक्य. मी ठोक्यावर नाचत होते. निदान माझी तशी समजूत होती.

"प्रात्यक्षिक लागेल," अधिकारी जमिनीकडे पाहत म्हणाले. त्यांनाही लाज वाटत होती, असं मला अजून वाटतं. भाऊ पुन्हा खाली गेले. मी संगीत लावलं, साडीचा पदर खोचला, आणि नवरा, साहेब, सरकारी अधिकारी, रंभावहिनी आणि चपलांपाशी उभा असलेला सखाराम यांच्यासमोर, भर अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, पडदे उघडे असताना नाचले. पहिली चार पावलं लाकडासारखी पडली. खालून काही आवाज आला नाही. म्हणजे ती पुरेशी नव्हती. मग मी डोळे मिटले आणि रोज नाचते तशी नाचले.

"हाच! हाच तो!" खालून भाऊ आनंदाने ओरडले. "जसाच्या तसा! अनियमित!"

अधिकाऱ्यांनी लिहिलं: "दुय्यम आवाजाचा स्रोत: रहिवासी महिलेचे नृत्य, अनियमित."

सुशीलने कागदात डोकावून पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाला, "साहेब, 'अनियमित' कशाला? 'अधूनमधून' लिहा."

"निरीक्षण आहे ते."

"मी तक्रारदार आहे. सही माझी लागणार आहे."

त्यांनी "अधूनमधून" केलं. सुशीलने सही केली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझी बाजू त्याने इतक्या उघडपणे कधी घेतली नव्हती. खाली जाईपर्यंत तो माझ्याकडे बघू शकला नाही, आणि मीही त्याच्याकडे नाही.

बेस-बॉक्स निकेश परत घेऊन गेला. ध्वनिमापकाच्या नोंदीबद्दल कंपनीने मला लेखी समज दिली. ती योग्यच होती. सखारामचं कंत्राट नवं झालं. तो लॅबमध्ये येऊन काहीतरी बोलेल, रागावेल, अशी मी वाट पाहिली. तो आला नाही. चार दिवसांनी मीच हेल्मेट घालून सांडपाण्याच्या प्लांटवर गेले.

तो ब्लोअरपाशी उकिडवा बसला होता.

"सखाराम, चूक माझी होती. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"व्हय," तो म्हणाला. बस, एवढंच. नको-नको म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. कपड्याने हात पुसले, हत्यारांच्या पेटीतून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ माझ्याकडे केली.

"कानाला लावा."

"कशाला?"

"तीनदा उघडलाय मी त्यो. तुमी एकदा ऐका."

हेल्मेट काढून मी मूठ कानाला लावली. ब्लोअरचा बाहेरचा सगळा गोंगाट बाजूला झाला आणि पोलादातून तो आत आला. एक स्वर. अखंड, स्वच्छ, कडेने किंचित बदलणारा. कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. अठरा वर्षं एका माणसाने तो तसा ठेवला होता, आणि मी त्याच्या शेजारच्या इमारतीत बसून फिनलंडपर्यंत गेले होते. कान काढून घ्यायला हवा होता. माफी मागायला आलेल्या माणसाने किती वेळ ऐकायचं, याला काही मर्यादा असते. मी काढला नाही. मग त्या स्वराच्या तळाशी, फार खाली, मला ठोका सापडला.

सखाराम माझ्या बुटांकडे बघत होता. मीही पाहिलं. डावी टाच हलत होती. मी तिच्यावर उजवा पाय ठेवला आणि दाबून धरला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "शिफ्ट तीनला सुटते. तवर कोन नाय बघत."